संत्र्याच्या खोक्यावरचा ‘मँडरिन’ हा शब्द नेमका कुणाचा?

काटोलरोड

आमच्या शेतकरी गटाच्या संत्र्यांसाठी यंदा नवे खोके छापून घ्यायचे आहेत. छापखान्याने पाठवलेल्या नमुन्यात वर ठळक अक्षरांत ‘नागपूर ऑरेंज’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘मँडरिन’ असे लिहिले आहे. गटातल्या काही जणांनी त्यावर हरकत घेतली आहे. त्यांचे म्हणणे असे की, मँडरिन ही चीनची भाषा आहे, तिचे नाव आपल्या खोक्यावर कशाला, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाला हा माल चीनचा वाटला तर त्याला कोण समजावत बसणार? इकडे अमरावती मार्गावरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन संस्थेच्या पत्रकांत मात्र ‘नागपूर मँडरिन’ हाच शब्द असतो. गोंधळात भर म्हणजे, इंग्रजी वर्तमानपत्रांत दिल्लीच्या बड्या सचिवांनाही ‘मँडरिन्स’ म्हणतात. फळ, भाषा आणि अधिकारी या तिघांना हा एकच शब्द कसा काय चिकटला, त्याचा मूळ अर्थ काय आणि आमच्या खोक्यावर तो ठेवावा की काढावा, हे येथील जाणकारांनी कृपया सांगावे. इंग्रजी शब्दकोश पाहिला, पण त्यात अर्थ क्रमाने दिलेले आहेत, त्यांचा परस्परसंबंध दिलेला नाही.

शब्दपारखी

काटोलरोड भाऊ, आपल्या गटातल्या मंडळींना आधी एवढे सांगा की हा शब्द चिनी नाही. चीनमध्ये कोणीही स्वतःच्या भाषेत हा शब्द वापरत नाही आणि पूर्वीही वापरत नव्हते. तो निघाला आहे तो आपल्याच ‘मंत्री’ या शब्दापासून.

संस्कृतातला ‘मन्त्रिन्’ म्हणजे ज्याच्यापाशी मंत्र आहे तो, आणि येथे मंत्र म्हणजे जपाचा मंत्र नव्हे, तर मसलत, गुप्त सल्ला. आपण आजही ‘कानमंत्र दिला’ म्हणतो, तोच हा अर्थ. ‘मन्’ म्हणजे विचार करणे, या धातूपासून तो झाला आहे. इंग्रजीतले ‘माइंड’ आणि ‘मेंटल’ हे शब्दही फार दूरवर जाऊन याच मुळाशी मिळतात.

हा मंत्री भारतीय व्यापारी, पुरोहित आणि राजदरबारांच्या चालीरीती यांच्याबरोबर आग्नेय आशियात गेला आणि तेथे स्थिरावला. मलय भाषेत त्याचे ‘मंतेरी’ झाले. मलेशियाच्या पंतप्रधानाला आजही ‘पर्दाना मंतेरी’ म्हणतात, आणि त्यातला ‘पर्दाना’ म्हणजे आपला ‘प्रधान’, हे वेगळे सांगायला नको. थायलंडमध्ये मंत्र्याला ‘रट्ठमोंत्री’ म्हणतात, त्यातही तोच मंत्री बसलेला आहे.

पुढचा टप्पा पोर्तुगीजांचा. आफोन्सो द आल्बुकर्क याने १५११ साली मलाक्का घेतले. मलाक्का हे त्या काळी भारत, चीन आणि मसाल्यांची बेटे यांच्यामधले मोठे बंदर होते, आणि तेथील कारभाराची भाषा मलय होती. दरबारी अधिकाऱ्यासाठी पोर्तुगीजांच्या कानावर ‘मंतेरी’ पडला आणि त्यांच्या तोंडी तो ‘मांदारिं’ झाला. आधी आग्नेय आशियातल्या अधिकाऱ्यांना आणि मग चीनच्या किनाऱ्यावर पोहोचल्यावर तेथील राजाधिकाऱ्यांना त्यांनी हेच नाव दिले. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. भारतातून निघालेला शब्द मलय आणि पोर्तुगीज असा वळसा घालून लंडनला पोहोचला आणि वाटेत चिनी कपडे चढवून आला.

आता ‘त’चा ‘द’ कसा झाला? पोर्तुगीजमध्ये ‘मांदार’ हे क्रियापद आहे, अर्थ हुकूम करणे. अधिकारी म्हणजे हुकूम सोडणारा, त्यामुळे या क्रियापदाच्या ओढीने ‘मंतेरी’चा ‘मांदारिं’ झाला असावा असे कोशकार मानतात. ‘मांदार’ हे लॅटिनमधले आहे आणि इंग्रजीतले ‘कमांड’ व ‘मँडेट’ हे त्याचे नातेवाईक. त्यामुळे ‘मँडरिन म्हणजे मँडेट असलेला’ अशी व्युत्पत्ती काही ठिकाणी बिनदिक्कत छापलेली आढळते. तो निव्वळ उच्चारावर पडलेला परिणाम आहे. शब्दाचे मूळ संस्कृतातच.

धंतोलीकर

माहिती उत्तम आहे, परंतु एक शंका येते. जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून निघाला असे सिद्ध करणारे संदेश रोज फिरत असतात. ही व्युत्पत्ती त्या जातीची नाही ना?

शब्दपारखी

शंका रास्त आहे. अशा वेळी पाहायचे ते एवढेच की, मधल्या प्रत्येक मुक्कामाचा पुरावा मिळतो की नाही. येथे मलयमधला शब्द आजही जिवंत आहे, पोर्तुगीज लोक मलाक्कात होते याची तारीख आहे, आणि चीनमध्ये पोहोचण्याआधीच ते हा शब्द वापरू लागले होते. फिरत्या संदेशांत मधले मुक्काम नसतात. तेथे केवळ दोन शब्दांचा आवाज जुळतो आणि त्यावरच काम भागवले जाते. इंग्रजी कोश स्वतःच ‘मँडरिन’पुढे मलय आणि संस्कृत अशी नोंद करतात, ती आपण कोणी येथून पाठवलेली नाही.

मिहानी

आमच्या कार्यालयातल्या एका चिनी सहकाऱ्याने मला याचे वेगळेच मूळ सांगितले होते. चीनवर मांचू लोकांचे राज्य होते, मांचू अधिकाऱ्याला ‘मान दा रन’ म्हणजे ‘मांचू साहेब’ म्हणत, आणि परदेशी लोकांनी त्याचे मँडरिन केले. चीनमध्ये ही गोष्ट बऱ्यापैकी प्रचलित आहे असे तो म्हणाला. ऐकायला तर ती अगदी चपखल वाटते. हिचे काय करायचे?

शब्दपारखी

चपखल आहे खरी, पण तारखांपुढे टिकत नाही. मांचूंनी बीजिंग घेतले ते १६४४ साली. पोर्तुगीजांच्या लेखनात हा शब्द त्याच्या शंभरहून अधिक वर्षे आधीपासून आहे, आणि तेव्हा चीनमध्ये मिंग राजवट होती, तीही मांचूंची नव्हे. जन्माला न आलेल्या साहेबावरून नाव कसे पडेल? ही लोकव्युत्पत्ती आहे. आपल्याकडे गावांच्या नावांच्या जशा कहाण्या रचल्या जातात, तशीच.

भाषेच्या नावाचा उलगडाही येथेच करून टाकतो. चीनच्या निरनिराळ्या प्रांतांतल्या बोली एकमेकांना कळत नसत, आणि प्रांताधिकाऱ्याची नेमणूक साधारणतः त्याच्या स्वतःच्या प्रांताबाहेर होई. त्यामुळे अधिकाऱ्यांची म्हणून एक सामाईक बोली तयार झाली. तिला चिनी भाषेत ‘ग्वानह्वा’ म्हणत. ‘ग्वान’ म्हणजे अधिकारी आणि ‘ह्वा’ म्हणजे बोली. युरोपीय पाद्र्यांनी आणि व्यापाऱ्यांनी त्याचे सरळ भाषांतर केले, मँडरिनांची भाषा म्हणून ती मँडरिन. चिनी लोक आजच्या प्रमाणभाषेला ‘पुतुंगह्वा’, म्हणजे सर्वसामान्य बोली, असे म्हणतात आणि हे नाव १९५५ साली अधिकृत झाले. गंमत अशी की, चीनने साहेबांची भाषा हे नाव टाकून देऊन सर्वांची भाषा हे नाव घेतले, आणि इंग्रजी मात्र अजून साहेबांचेच नाव चालवते आहे.

निवृत्त_कक्षाधिकारी

अधिकाऱ्याच्या अर्थाविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण नोकरीची सगळी वर्षे याच वर्गाच्या सावलीत गेली.

इंग्रजी वर्तमानपत्रांत ‘मँडरिन’ हा शब्द आज कोणाला लावतात ते नीट पाहावे. मंत्र्याला तो कधीही लावत नाहीत. लावतात तो सचिवाला, तोही वरच्या दर्जाच्या, आणि विशेषतः परराष्ट्र, वित्त, संरक्षण अशा खात्यांतल्या. सरकारे येतात-जातात, पण हा खुर्चीत कायम असतो. याच्या टिपणीतले एक वाक्य हलले तर वरचा निर्णय हलतो, आणि याचे नाव सहसा कोठे छापून येत नाही. ब्रिटनमध्ये ‘व्हाइटहॉलचे मँडरिन’ हा शब्दप्रयोग रुळलेला आहे, आपल्याकडे ‘साउथ ब्लॉकचे मँडरिन’ असा. त्यात थोडा आदर असतो आणि बराच टोमणा असतो. काम अडवण्याची हातोटी, गोल गोल भाषा आणि आपल्यालाच सर्व कळते हा भाव, हे सगळे त्या एका शब्दात येते. ‘बाबू’ या शब्दाची जात निराळी आहे. बाबू मूळचा कारकून, त्याला हिणवता येते. मँडरिनला हिणवतानाही जरा अंतर ठेवावे लागते. अलीकडे वर्तमानपत्रे सनदी अधिकाऱ्यांनाही सरसकट बाबू म्हणू लागली आहेत, ते मला भाषेच्या दृष्टीने ढोबळ वाटते.

म्हणजे मूळ शब्द मंत्र्याचा, आणि इंग्रजीत तो जाऊन बसला सचिवाकडे. मंत्र्यासाठी इंग्रजीने जो ‘मिनिस्टर’ शब्द घेतला, त्याचा लॅटिनमधला अर्थ आहे सेवक! सल्ला देणाऱ्याचे नाव सेवकवर्गाला मिळाले आणि सेवकाचे नाव सत्ताधाऱ्याला.

आपल्या परंपरेत मात्र ही सीमारेषा पूर्वीपासूनच पुसट आहे. अमरकोशात ‘मन्त्री धीसचिवोऽमात्यः’ असे म्हटले आहे. धीसचिव म्हणजे बुद्धीच्या कामात साथ देणारा, आणि बाकीचे ते कर्मसचिव, म्हणजे प्रत्यक्ष कारभार चालवणारे. तेथे मंत्री हा सचिवांचाच एक प्रकार ठरतो. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मंत्री म्हणजे वाकनीस आणि सचिव म्हणजे सुरनीस. वाकनीस हा राजाच्या खाजगी बाबींवर आणि रोजच्या घडामोडींच्या नोंदींवर लक्ष ठेवी, सुरनीस राजपत्रांचा मजकूर तपासून त्यांवर मोहोर करी. आजच्या अर्थाने पाहिले तर दोघेही मँडरिन. मुंबईतल्या ज्या इमारतीला आपण आज ‘मंत्रालय’ म्हणतो तिचे नाव आधी ‘सचिवालय’ होते आणि ते १९७० च्या दशकात बदलले गेले, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. इंग्रजीने मंत्र्याचा सचिव केला आणि महाराष्ट्र शासनाने सचिवांच्या घराला मंत्र्यांचे नाव दिले. आतल्या फायलींचा प्रवास बदलला असे काही माझ्या पाहण्यात नाही.

लक्ष्मीनगर_दोन

काका, हिवाळी अधिवेशनाच्या काळात रविभवन आणि नागभवन ही मंत्र्यांच्या मुक्कामाची ठिकाणे भरलेली असतात, त्याच वेळी आंबिया बहाराचा संत्रा सीताबर्डीवर ढिगाने आलेला असतो. तेव्हा नागपुरात एकाच वेळी मंत्री, सचिव आणि फळ असे तिन्ही अर्थ हजर असतात, असे म्हणायला हरकत नाही. माझ्या माहितीत एवढीच भर घालते की, शिंप्याकडे ज्याला आपण ‘चायनीज कॉलर’ म्हणतो, त्या उभ्या, न दुमडलेल्या कॉलरीला इंग्रजीत ‘मँडरिन कॉलर’ म्हणतात. तीही चिनी अधिकाऱ्यांच्या अंगरख्यावरून. एका रंगीबेरंगी बदकालाही हेच नाव आहे.

पण फळाचा संबंध अजून कोणी सांगितलेला नाही, आणि मूळ प्रश्न तर त्याचाच होता.

कळमना_अडत

ताई म्हणतात ते खरे आहे. फळाचा भाग मी सांगतो, कारण बाजारात रोज त्यातच हात असतो.

संत्र्याला हे नाव का पडले याची दोन उत्तरे मिळतात. एक असे की, चिनी अधिकाऱ्यांच्या झग्यांचा रंग नारिंगी-पिवळा होता, त्यावरून फळाला नाव पडले. दुसरे असे की, हे फळ उंची, साहेबाला शोभेल असे, म्हणून साहेबाचे नाव. युरोपीय भाषांत अठराव्या शतकापासून फळासाठी हा शब्द दिसतो. प्रत्यक्ष झाडे इंग्लंडात पोहोचली ती १८०५ साली, चीनच्या कँटन बंदरातून सर अब्राहम ह्यूम यांनी मागवलेली. तेथून ती माल्टा बेटामार्गे इटलीकडे गेली आणि भूमध्य समुद्राच्या काठाने पसरली. पुढे त्यांच्या निरनिराळ्या जातींना ठिकाणांवरून नावे पडली. मोरोक्कोतल्या टँजियर बंदरावरून ‘टँजरिन’, जपानच्या जुन्या सात्सुमा प्रांतावरून ‘सात्सुमा’. ‘क्लेमेंटाइन’ हे नाव अल्जीरियातल्या क्लेमां या ख्रिस्ती धर्मबंधूवरून. ही सगळी मँडरिनचीच पिलावळ.

आता व्यवहाराचा मुद्दा. संत्रा हातात घ्या. देठाच्या बाजूला जरासा फुगवटा असतो, तेथे अंगठा रोवला की साल सैल सुटून येते, सुरी लागत नाही. सोलल्यावर फोडींवर पांढऱ्या शिरांची जाळी दिसते. लहान मुले ती ओढून काढत बसतात. या फळाचे शास्त्रीय नाव ‘सिट्रस रेटिक्युलाटा’. रेटिक्युलाटा म्हणजे जाळीदार, आणि हे नाव ब्लांको नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने फिलिपिन्समध्ये १८३७ साली दिले. आता मोसंबी घ्या. तिची साल गराला घट्ट चिकटलेली असते, सुरीवाचून निघत नाही. मोसंबी, माल्टा ही सगळी गोड संत्री, म्हणजे शास्त्रीय नावाने ‘सिट्रस सायनेन्सिस’. इंग्लंड-अमेरिकेतला माणूस नुसते ‘ऑरेंज’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे हे घट्ट सालीचे फळ असते, आपला संत्रा नव्हे. जनुकांच्या अभ्यासातून आता असे स्पष्ट झाले आहे की, मँडरिन हे मूळ वाणांपैकी एक असून, त्याचा आणि पपनसाचा संकर होऊन गोड संत्रे तयार झाले. म्हणजे मोसंबीच्या घराण्यात आपला संत्रा वडीलधारा ठरतो.

तेव्हा नागपूर जगात ‘ऑरेंज सिटी’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि त्याचे फळ काटेकोर इंग्रजीत ऑरेंज नाही. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कूर्ग, दार्जिलिंग, खासी टेकड्या, सगळीकडचा देशी संत्रा मँडरिनच आहे, आणि भारतीय इंग्रजीत त्या सर्वांना ऑरेंज म्हणण्याची रीत पडून गेलेली आहे. उत्तरेकडे हिवाळ्यात जो ‘किन्नू’ संत्रा म्हणून खपवला जातो तो कॅलिफोर्नियात केलेला संकर आहे, आणि त्याला नागपुरी म्हणून विकणारेही भेटतात. खोक्यावर नीट नाव असण्याची गरज खरे तर तेथे आहे.

काटोलरोड भाऊ, तुमच्या खोक्याबद्दल माझे मत असे. भौगोलिक मानांकन २०१४ साली मिळाले ते ‘नागपूर ऑरेंज’ या नावाला, त्यामुळे वरची ओळ आहे तशीच हवी. पण माल देशाबाहेर पाठवायचा झाला की कागदावर मँडरिन लागतोच, कारण सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ऑरेंजचा क्रमांक ०८०५.१० आहे आणि मँडरिनचा ०८०५.२१. खोक्यावर एक आणि बिलावर दुसरे असे झाले की तपासणीत प्रश्न निघतो. छापखान्याने दोन्ही शब्द ठेवले ते बरोबर केले आहे. फक्त ‘मँडरिन’ एकटा न ठेवता ‘नागपूर मँडरिन’ असा लिहून घ्या, म्हणजे चीनची शंका उरणार नाही.

काटोलरोड

मनःपूर्वक आभार. गटात हा धागा वाचून दाखवला. ‘मंत्री’ ऐकल्यावर हरकत घेणाऱ्यांचा सूर एकदम बदलला, मात्र एकाने ‘मग तर नक्कीच काढून टाका’ असेही सुचवले. खोके दोन्ही शब्दांसह छापायला दिले आहेत.

एक जोडप्रश्न. मँडरिन मंत्र्यापासून निघाला, तर ऑरेंज कोठून? शाळेत सरांनी तोही आपलाच शब्द असल्याचे सांगितले होते.

शब्दपारखी

सरांनी बरोबर सांगितले. संस्कृत ‘नारङ्ग’, त्यावरून फारसी ‘नारंग’, अरबी ‘नारंज’, स्पॅनिश ‘नारांखा’, आणि पुढे इटालियन व फ्रेंचमध्ये गेल्यावर सुरुवातीचा ‘न’ गळून ‘ऑरेंज’. संस्कृतात तो द्राविड भाषांकडून आला असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. ‘न’ गळण्याचे कारण असे की, त्या भाषांत फळाच्या आधी येणाऱ्या ‘एक’ या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी ‘न’चाच उच्चार असतो. दोन ‘न’ लागोपाठ आले की कोणता कोणाचा हे कानाला कळत नाही. इंग्रजीत ‘अ नॉरेंज’चे ‘अॅन ऑरेंज’ झाले असे हमखास सांगितले जाते, पण इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा ‘न’ आधीच गेलेला होता. इंग्रजीने स्वतः असा ‘न’ गमावल्याची खरी उदाहरणे म्हणजे ‘एप्रन’ आणि ‘अंपायर’. हे दोन्ही शब्द पूर्वी ‘न’ने सुरू होत. क्रिकेटच्या पंचाचा ‘न’ कोठे गेला हे मैदानावर सहसा कोणी विचारत नाही.

आणखी एक. इंग्रजीत आधी फळ आले आणि मग रंग. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या रंगाला त्या भाषेत स्वतंत्र नावच नव्हते. जुन्या इंग्रजीत ‘पिवळा-तांबडा’ अशा अर्थाचा जोडशब्द वापरत. रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असूनही इंग्रज तिला तांबडी म्हणतात, ते त्या काळापासून चालत आलेले आहे. मराठीतही नारिंगी हा रंग फळावरूनच. आपल्याकडे त्याआधी केशरी आणि भगवा होते, म्हणून आपली अडचण झाली नाही.

धंतोलीकर

संस्कृतात ‘नागरङ्ग’ असेही रूप आहे, अमरकोशात ते सापडते. मग नागपूर हे नागरंगांचे पूर म्हणून नागपूर, असे मानता येईल का?

शब्दपारखी

नाही. नागपूरचे नाव नाग नदीवरून आहे, आणि संत्रा येथे आला तो भोसल्यांच्या काळात. रघूजीराजांनी तो त्या वेळच्या औरंगाबादेकडून आणवून आपल्या बागेत लावला असे परंपरेने सांगितले जाते. शहराचे नाव त्याच्या आधीपासून आहे. ‘मान दा रन’सारखेच हेही ऐकायला गोड आहे.

इतवारीचा_वाचक

मग राहता राहिला आपला ‘संत्रा’. पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ सिंत्रा नावाचे गाव आहे, तेथून हे फळ आले म्हणून संत्रा, असे मी अनेक ठिकाणी वाचले आहे. मोसंबी मोझांबिकवरून आली असे म्हणतात, त्या न्यायाने हेही पटण्यासारखे आहे.

शब्दपारखी

मोसंबी-मोझांबिक हे सर्वसाधारणपणे मान्य आहे. सिंत्राबद्दल मात्र मला पटत नाही. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातल्या फळांचे वर्णन करताना ‘संगतरा’ या फळाचा उल्लेख केला आहे. बाबर १५३० साली वारला. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली. एवढ्या थोड्या वर्षांत पोर्तुगालमधल्या एका गावाचे नाव फळाला चिकटून, पोर्तुगीजांचा पायही न लागलेल्या उत्तर हिंदुस्थानात रुळून, बाबराला ते तेथले फळ म्हणून भेटावे, हे फार ओढूनताणून होते. ‘संगतरा’वरून हिंदी ‘संतरा’ आणि त्यावरून आपला ‘संत्रा’ ही वाट सरळ आहे. पुण्याकडे ‘संत्रे’ नपुंसकलिंगी आणि आपल्याकडे ‘संत्रा’ पुल्लिंगी हा भेदही त्यातून समजतो, कारण आपल्या बोलीला हिंदीचा शेजार अधिक.

लक्ष्मीनगर_दोन

मी भाषांतराची कामे करते, म्हणून लेखनाविषयी थोडे विचारते आणि थोडे सांगते. इंग्रजीत भाषेच्या नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीत असते, तर फळ आणि अधिकारी या अर्थी ते लहान लिपीत लिहितात. त्यामुळे इंग्रजी वाचकाला नजर टाकताच फरक कळतो. देवनागरीत ही सोय नाही, म्हणून मराठीत लिहिताना ‘मँडरिन भाषा’, ‘मँडरिन संत्रा’ असे जोडून लिहावे लागते. अधिकाऱ्याच्या अर्थी मी शक्यतो मँडरिन वापरतच नाही. मराठी वाचकाला तो पोहोचत नाही आणि टोमणा वाया जातो. तेथे ‘बडे सचिव’, ‘सनदी सरदार’ असे काहीतरी प्रसंग पाहून योजते. काही मराठी लेखक ‘मंदारिन’ असेही लिहितात. ते चूक की बरोबर?

निवृत्त_कक्षाधिकारी

ताई, ‘मंदारिन’ पोर्तुगीज उच्चाराच्या अधिक जवळ आहे आणि ‘मँडरिन’ इंग्रजीच्या. आपल्याकडे हा शब्द इंग्रजीतूनच आला, तेव्हा ‘मँडरिन’ ठेवावे असे मला वाटते. ‘मंदारिन’ लिहिले की वाचणाऱ्याला मंदार वृक्ष आठवतो आणि एक नवी व्युत्पत्ती जन्माला येते. ‘सनदी सरदार’ मात्र चांगला आहे. तो मी उचलणार.